नीचांक

नोव्हेंबर उतरणीला लागला की परभणीकडे संध्याकाळ फार घाईनं येते. पावणेसहाच्या आत सूर्य बुडालेला असतो. आम्ही मात्र सव्वासहापर्यंत खुर्चीत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला, शनिवार हातात आला, त्याचं समाधान आहेच. पण त्या बदल्यात रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. उन्हाळ्यात हे जाणवत नाही. हिवाळ्यात जाणवतं. सोमवार ते शुक्रवार मावळतीचं ऊन वाट्याला येतच नाही. ट्यूबलाइटखाली शेवटचं पत्र जावकला टाकून बाहेर पडावं, तर आवारातल्या लिंबाखाली अंधार पडलेला, गाड्यांच्या सीटवर गारवा उतरलेला, आणि दिवस नक्की कुठं गेला याचा पत्ता नाही.

दिनदर्शिकेतले उदयास्ताचे रकाने मी हिवाळ्यात रोज बघते. त्यात एक गोष्ट आहे. आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की २२ डिसेंबरचा दिवस सगळ्यात लहान. ते खरंच आहे. पण संध्याकाळ त्याच्या बरीच आधी, नोव्हेंबरच्या अखेरीसच, सर्वांत लवकर झालेली असते, आणि डिसेंबरात ती हळूहळू पुढं सरकू लागते. सकाळ मात्र मागं मागंच जात राहते, थेट संक्रांतीपर्यंत. म्हणून जानेवारीच्या मध्याला सातला दिवस उगवतो, आणि ज्यांना सकाळची गाडी धरायची असते त्यांची आंघोळ, भाकरी, डबा, सगळं रात्रीतच उरकावं लागतं. तीळगूळ वाटायचे ते दिवस. आणि माझ्या अनुभवात मन सगळ्यात खाली जातं तेही त्याच दिवसांत.

अंगात ताप नसतो, घरात काही बिनसलेलं नसतं. तरी डबा भरताना हात थबकतो. पोळीला तूप लावलं की नाही ते आठवत नाही. परभणी स्टेशनवर अप-डाऊनवाल्या बायकांचा घोळका मला हाक मारतो, मी हसते, आणि सेलूच्या गाडीत पेडगाव येईपर्यंत खिडकीला डोकं टेकवून गप्प राहते. करमत नाही, एवढंच म्हणता येतं. आमच्याकडे त्याला फार मोठं नाव कुणी देत नाही. ‘हिवाळा हाय, व्हतं असं,’ म्हणतात आणि शाल पुढं करतात.

त्यात डिसेंबर. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, आणि तिथल्या प्रश्नांची उत्तरं तालुक्याच्या टेबलांवर तयार होतात, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना. दुपारी चारला वरून मेल येतो, पाठोपाठ ग्रुपवर निरोप, ‘माहिती आजच्या आज, विवरणपत्रात, निरंक असल्यास तसे नमूद करावे.’ मग गावोगावी फोन. कुणाची बदली झालेली, कुणाचा फोन बंद, कुणी शेतात. दोन टेबलं रिकामी पडून, त्यांचा कार्यभार आमच्याकडेच. साडेसात वाजता बोटं गार पडतात आणि कीबोर्डवर आकडे चुकू नयेत म्हणून आम्ही एकमेकींना ते मोठ्यानं वाचून दाखवतो.

असंच एक विवरणपत्र आम्ही रात्री उशिरा पाठवलं. दुसऱ्या दिवशीच्या व्हीसीत साहेब, जिल्ह्यातले सगळे स्क्रीनवर असताना, माझं नाव घेऊन म्हणाले, ‘इतकी वर्षं नोकरी करून हेच शिकलात का?’ मागच्या वर्षीचा आकडा जुळत नव्हता. तो आकडा वरूनच आलेला होता, आणि तो तसाच ठेवावा असं पत्रही फायलीत होतं. पण माझा माइक बंद होता, आणि चालू असता तरी मी बोलले असते का, कोण जाणे. पाच सेकंदांचं वाक्य. ते माझ्याबरोबर गाडीत बसलं, घरी आलं, जेवायला बसलं.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडे शाळकरी पोरंही म्हणतात. मी मात्र आमचा अभिमान थंडीत शोधते. महाराष्ट्रात गारठा वाढला की बातमीत परभणीचं नाव हटकून येतं. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा पार दोन-तीन अंशांपर्यंत घसरला होता. आणि याच गावात मे महिन्यात चव्वेचाळीसपर्यंत तापतं. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र, आणि खाली उघडी सपाट काळी जमीन. दिवसभर धरलेली ऊब ती जमीन रात्री आभाळाला परत देत राहते, तिला अडवायला ढग नसतात. उत्तरेचं वारं सुटलं की मग काही बघायलाच नको. हे देणं पहाटेपर्यंत चालतं, म्हणून सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं. ते असतं सूर्य उगवण्याच्या वेळी. नेमकी आमच्या गाडीची वेळ.

बातमीतला तो आकडा बहुतेक वेळा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. १९७२ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ. वसंतरावांचं नाव त्याला नंतर, २०१३ मध्ये मिळालं. माझा भाचा तिथं शिकायला होता तेव्हा त्यानं एका सकाळी मला ती वेधशाळा दाखवली. मोकळ्या हिरवळीवर छातीच्या उंचीला एक पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी झडपांची, म्हणजे वारा आत खेळावा पण ऊन लागू नये. आत किमान तापमापक आडवा ठेवलेला. त्यात पारा नसतो, स्पिरिट असतं. आणि त्या स्पिरिटात बुडालेली एक बारीकशी काळपट काडी. रात्री गारठा वाढला की स्पिरिट आक्रसतं आणि मागं येताना काडीला ओढून आणतं. सकाळी ऊन चढलं की स्पिरिट पुन्हा पसरतं, काडीच्या बाजूनं पुढं निघून जातं, काडी मात्र जिथल्या तिथं राहते. रात्रीचा सगळ्यात खालचा क्षण ती धरून बसते. बाहेर तीस अंश झाले तरी ती सहावरच. निरीक्षक येतो, आकडा वहीत लिहितो, मग तापमापक अलगद तिरपा करतो, आणि काडी हळूच घरंगळत आजच्या तापमानाला येऊन टेकते. हाताशिवाय ती हलत नाही.

साहेबांचं ते वाक्य माझ्यात तसंच अडकून बसलं होतं. दुपार ऊबदार होती, मैत्रिणी चांगल्या होत्या, घरी लेकीनं आल्याचा चहा करून ठेवलेला होता. हे सगळं बाजूनं जात होतं. आणि मला वाटतं, हिवाळ्यातल्या या खिन्नतेबद्दल आपण एकमेकांना जे सांगतो, ‘सोडून द्या, होईल आपोआप’, ते म्हणूनच पुरत नाही. आपोआप होत नाही. कुणाचा तरी हात लागावा लागतो. आपला, नाहीतर दुसऱ्याचा. आणि तो रोज लावावा लागतो, कारण रात्र रोज येते.

असा रोज हात लावणारा एक माणूस मला आठवतो. माझी गाडी मला सेलूला, कार्यालयाच्या गावी, सोडते आणि पुढं जाते. पुढचं स्टेशन सातोना. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. तिथं १५ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान रघुनाथ कुलकर्णी जन्मले. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ म्हणून ओळखतो. शिक्षणासाठी हैदराबादेला गेले, मॅट्रिक झाले, आणि घरची परिस्थिती बघून निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात चिकटले. पुढचं आयुष्य कारकुनीत, त्यातली शेवटची वर्षं परभणीत. राज्याचा कारभार उर्दूतून चाले. म्हणजे दिवसभर एका भाषेतले कागद, आणि दिवा लागल्यावर दुसऱ्या भाषेतलं लिखाण. या दोन वेळांच्या मध्ये जेवढी फट उरत असेल तेवढ्यात त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या, ‘अलकेचा प्रवासी’तले ललित लेख लिहिले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीच्या कार्यालयात काम करता करताच ते गेले. वय चाळीस.

कार्यालयात. या शब्दापाशी मी दर वेळी थांबते. आमच्यातल्या कितीजणांना आपलं असंच होणार अशी भीती मनात आहे, ते चहाच्या टपरीवर बोलण्यातून कळतं. बी. रघुनाथांची आठवण परभणीत सप्टेंबरात निघते, भाषणं होतात, सभागृहाला आणि महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. नोकरीनं या माणसाला पिळून काढलं, असं म्हणून हळहळणं सोपं आहे, आणि त्यात खोटंही काही नाही. पण मला हिवाळ्यात दिसतात ते वेगळे बी. रघुनाथ. ज्याला सकाळी परत त्याच खुर्चीत बसायचं आहे हे पक्कं माहीत आहे, आणि तरी ज्यानं रात्रीचा एक तुकडा सरकारला दिला नाही, असा माणूस. त्यांच्या १९४१ च्या कवितासंग्रहाचं नाव ‘आलाप आणि विलाप’. दोन्ही एकाच मुखपृष्ठावर. विलाप संपल्यावर आलाप करू, असं ते थांबले नाहीत. थांबले असते तर चाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढं लिहून झालंच नसतं. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह तर ते गेल्यावर, १९५५ साली आला.

अजून एक. ते गेले त्याच महिन्याच्या २८ तारखेला नागपूर करारावर सह्या झाल्या. नागपूरला दरवर्षी अधिवेशन भरवण्याची प्रथा त्या करारातून आली, आणि ज्या रात्री आम्ही गार बोटांनी विवरणपत्रं भरतो त्या रात्रींचं मूळही तिथंच. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण परभणीच्या कारकुनाला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

मी लेखिका नाही त्या अर्थानं. पण त्या व्हीसीनंतरच्या आठवड्यात मी गाडीत वही काढायला लागले. पेडगाव ते देवलगाव अवचार, मानवत रोडला गर्दी चढेपर्यंत. खिडकीबाहेर जे दिसतं तेवढंच लिहायचं, कार्यालयाचं एक अक्षर नाही. ज्वारी पोटऱ्यात आली. करडईला काटे धरले. धुईत एक बाई डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन रुळाच्या कडेनं चालली आहे, तिच्या पायात मुलाचे बूट आहेत. एवढंच. पण सेलूला उतरताना पहिल्यांदा असं वाटलं की आजच्या दिवसातलं काहीतरी माझ्याकडे आधीच जमा झालं आहे, आता पावणेदहाला बाकीचं द्यायला हरकत नाही.

डबाही आम्ही उन्हात आणला. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मला ते अजिबात क्षुल्लक वाटत नाही. इतकी वर्षं आम्ही रेकॉर्डच्या खोलीत, कपाटांच्या मध्ये बसून जेवत होतो, कारण तिथं टेबल होतं. आता मागच्या ओट्यावर सतरंजी टाकतो. हिवाळ्यात मन बसतं ते उजेड कमी मिळाल्यानं, हे अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल यांनी १९८४ मध्ये मांडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या लख्ख उन्हातून तिकडे गेलेला डॉक्टर, त्याला स्वतःला तिथले हिवाळे जड गेले होते. तिकडे लोक प्रखर दिव्यासमोर बसून उपचार घेतात. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा, ऊन भरपूर. फक्त ते उन्हात जाणाऱ्याला मिळतं. आम्ही असलेल्या उन्हाकडे पाठ करून बसलो होतो. ओट्यावर बसल्यापासून आवकच्या टेबलवरची ताई, जी महिनोन् महिने ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलत नव्हती, तिनं एके दिवशी सांगितलं की ती रात्री झोपतच नाही. नवरा गेल्यापासून. आम्हाला माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलवर बसून माहीत नव्हतं. तिच्यासाठी ऊन आणि गप्पा पुरण्यासारख्या नव्हत्या, हे आम्हाला कळलं. आमच्यातल्या एकीनं १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लावून दिला, मग सुटीच्या दिवशी दोघी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तिच्या गोळ्या चालू आहेत. ती आता झोपते. कुणाला ही गोष्ट लपवावीशी वाटली तर मी समजू शकते, पण ती आपण होऊन सगळ्यांना सांगते, आणि त्याबद्दल मला तिचं फार कौतुक वाटतं.

जानेवारीत एका रविवारी याच ताईच्या दिराच्या शेतात हुरड्याला गेलो. विद्यापीठानं हुरड्यासाठीच ‘परभणी वसंत’ नावाचं ज्वारीचं वाण काढलं आहे. यांच्या शेतात मात्र जुनी गूळभेंडीच होती. बांधाजवळ आगटी खणलेली. गोवऱ्यांचा विस्तव धरून वर राख चढली की कणसं त्यात खुपसायची, फार नाही, दाणा फुगून हिरव्याचा पोपटी होईपर्यंत. मग चटका सोसत कणीस तळहातावर धरायचं आणि दुसऱ्या हातानं चोळायचं. कोंडा फुंकरीनं उडतो आणि दाणे मुठीत उरतात, मऊ, गोडसर, धुराचा वास असलेले. वर तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, कवडीचं दही. बोलायला कुणाला फुरसत नव्हती.

ताईच्या सासूबाई आगटीशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन सकाळी झोपला होता. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. रात्री बाराला मोटार चालू करायची, विंचू-काट्यात बॅटरी घेऊन चिखलात उभं राहून दारं धरायची, आणि त्या वेळी वेधशाळेतली काडी मागं मागं सरकत असते. लोक म्हणतात, त्यांच्याकडे बघा आणि आपलं दुःख विसरा. मला ते पटत नाही. त्याचं दुःख मोठं आहे म्हणून माझं खोटं ठरत नाही. आणि रात्रीची वीज ही सोसायची गोष्ट नसून बदलायची आहे.

माझ्याकडे बघून काकू म्हणाल्या, ‘पोरी, तोंड कामून उतरलंय?’

मी म्हटलं, ‘काही नाही काकू. हापिसातलं.’ आणि मग सगळं सांगितलं. व्हीसी, आकडा, ते वाक्य.

त्यांनी एक कणीस उलटवलं. म्हणाल्या, ‘त्यो सायेब येळेवर जेवतो का न्हाई?’

मला उत्तर माहीत नव्हतं. त्यांच्या केबिनमध्ये दुपारी डबा उघडलेला मी कधी पाहिला नव्हता.

‘त्येला बी वरून कुणी तरी बोलत असंल,’ काकू म्हणाल्या. ‘पर तू बी गप कामून बसलीस? कागद हाय न तुझ्याकडं? मग दाखीव की.’ आणि ते कणीस माझ्या हातात दिलं. ‘गरम हाय तवर चोळ.’

दोन्ही गोष्टी त्या एका दमात बोलल्या. माणूस समजून घेणं आणि स्वतःची बाजू मांडणं यांत मला आजवर एकच निवडायचं असतं असं वाटत होतं. शेकोटीशी बसलेल्या त्या म्हातारीला यात काही अडचण दिसत नव्हती.

सोमवारी मी टिपणी ठेवली. साधी, अर्ध्या पानाची. कोणत्या पत्रानुसार मागील वर्षीचा आकडा कायम ठेवला, त्या पत्राचा जावक क्रमांक, दिनांक, सोबत छायाप्रत. ‘अवलोकनार्थ सविनय सादर.’ एकही कडू शब्द नाही, आणि एकही शब्द कमी नाही. फाइल दोन दिवस आत राहिली. परत आली तेव्हा खाली फक्त सही होती. नंतर एका दुपारी साहेब पाण्याच्या जारजवळ भेटले, म्हणाले, ‘मॅडम, तुमची टिपणी वाचली मी. वर कळवतो.’ थकलेले दिसत होते. मी विचारलं, ‘साहेब, जेवलात का?’ ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, ‘नाही अजून.’ ओट्यावर ताईची ज्वारीची भाकरी उरलेली होती. त्यांनी ती घेतली, उभ्या उभ्याच खाल्ली. त्या दिवसानंतर ते व्हीसीत कुणाचं नाव घेऊन बोलले नाहीत असं मी लिहू शकत नाही, एकदा बोलले. पण या वेळी आमच्यातल्या एकीनं माइक चालू केला आणि म्हणाली, ‘साहेब, कागद माझ्याकडे आहे, वाचून दाखवू का?’

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वरून दुरुस्तीचं पत्र आलं. आकडा बदलला होता. चूक कुणाची, याबद्दल एक ओळ नव्हती. मी ते आवकला नोंदवलं, फायलीत लावलं आणि दोरी बांधली. परभणीत २ तारखेपासून हजरत तुराबुल हक यांचा उरूस लागलेला. दरवर्षी लागतो, सगळ्या जातीधर्माची माणसं लोटतात, गावोगावच्या बायका बांगड्या भरायला येतात. आम्ही अप-डाऊनवाल्या संध्याकाळची गाडी परभणीला उतरलो त्या घरी न जाता थेट तिकडेच. ताईनं आधी दर्ग्यावर फुलं वाहिली. मग मोठा पाळणा दिसल्याबरोबर तीच सगळ्यांत पुढं. दोघींनी चक्कर येते म्हणून साफ नकार दिला. त्यांच्या गळ्यात आमच्या पर्सा आणि रिकामे डबे अडकवले, आणि आम्ही तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिलो.